फादरांच्या घरची ब्लाँदिन

ओरेलला वाचायला शिकवलं ते ब्लाँदिननं. ती नऊ वर्षांची, तो पाच. नदीकाठच्या त्या घरात पुस्तकं दोनच होती. एक बियाण्यांचा कॅटलॉग आणि दुसरं चर्चचं प्रश्नोत्तरांचं लहान पुस्तक. कॅटलॉगला वडील कोणाला हात लावू देत नसत, म्हणून ओरेल प्रश्नोत्तरांवरच अक्षरं शिकला. देव कुठे आहे? देव सर्वत्र आहे. देव सगळं पाहतो का? होय, देव सगळं पाहतो. सहाव्या वर्षी त्याला ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ होतं. गावचे म्हातारे फादर द्यूमे मुद्दाम घरी आले. पोराला स्टुलावर उभं करून त्यांनी कुठूनही मधूनच प्रश्न विचारले. तो एकदाही अडखळला नाही तेव्हा आईकडे वळून म्हणाले, "देलिमाबाई, हा मुलगा तुमचा नाही. देवाचा आहे."

पाठांतर वेगळं आणि श्रद्धा वेगळी, हे त्या घरात कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. त्या काळी क्वेबेकमध्ये नदीकाठच्या प्रत्येक आईला वाटे, आपला एक तरी मुलगा फादर व्हावा. देलिमाला जरा जास्तच वाटे, कारण तिच्या जावेचे दोन झाले होते.

ओरेल बाराव्या वर्षी चर्चच्या आठ वर्षांच्या कॉलेजच्या वसतिगृहात गेला. खर्च फादर द्यूमेंनी उचलला, एवढ्याच बोलीवर की मुलगा पुढे फादर व्हायला सेमिनरीत जाईल. ब्लाँदिन अठराव्या वर्षी गावाबाहेरच्या एकखोली शाळेत मास्तरीण झाली. ती त्याला लोकरीचे मोजे विणून पाठवी, आणि तो तिला पत्रातून नद्यांची नावं पाठवी. तिला त्या नद्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पण ती फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेई.

शाळेपासून हाकेच्या अंतरावर चीजचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लाकडी शेड आणि तीन मोठी पातेली. तिथे विल्ब्रो कारों काम करायचा. अंगापिंडानं दांडगा, बोलायला मिश्कील, आणि कितीही आंघोळ केली तरी अंगाला फाटलेल्या दुधाच्या निवळीचा आंबूस वास. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो ब्लाँदिनच्या घरी, जाँद्रोंच्या व्हरांड्यात येऊन बसे. चार वर्षं बसला. आई त्याला कॉफी देई, पण दुसरा कप विचारत नसे. तो म्हणे, "तुझी आई मला पाहुणा समजते. पाहुणा चार वर्षं येत नाही म्हणावं." ब्लाँदिन म्हणे, ओरेलची दीक्षा होऊ दे, मग घरात एक मोठं काम उरकल्यासारखं होईल, मग आपलं लग्नाचं बोलू.

१९३८ च्या उन्हाळ्यात ओरेल दीक्षेआधीच्या शेवटच्या सुट्टीसाठी घरी आला. वाळला होता. गवत कापायला वडिलांच्या बरोबरीनं उभा राही, पण जेवताना तोंडातून शब्द काढत नसे. एका दुपारी तो आणि आई रेल्वेच्या रुळापलीकडे निळ्या बेरी तोडायला गेले. परत आले तेव्हा बादली अर्धीसुद्धा भरली नव्हती. आईचा चेहरा दगडासारखा झाला होता. ब्लाँदिननं विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं.

त्यानंतर आठवड्यानं आईनं ब्लाँदिनला दूध तापवायच्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. ओरेलला पुढेमागे स्वतंत्र गाव मिळेल, म्हणाली. स्वतःचं घर मिळेल. फादरच्या घरात परकी बाई ठेवली म्हणजे लोकांच्या जिभेला आयता खुराक. त्याला घरचं माणूस हवं.

"आणि विल्ब्रो?" ब्लाँदिननं विचारलं.

"विल्ब्रोला बायको कुठेही मिळेल. ओरेलला बहीण एकच आहे."

ब्लाँदिन आठ दिवस घुसमटली. मग एका सकाळी शाळा भरायच्या आधी कारखान्यात गेली. विल्ब्रोचे हात कोपरापर्यंत पातेल्यात होते. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं.

"हे देवानं मागितलं, की तुझ्या आईनं?"

"ते एकच आहे."

"एक नाही गं बाई," तो म्हणाला आणि परत पातेल्यातलं चीजचं दही कापायला लागला. दोन वर्षांनी त्यानं लेओंतिन नावाच्या मुलीशी लग्न केलं. ब्लाँदिननं तिला हातानं भरतकाम केलेला टेबलक्लॉथ दिला.

दीक्षेच्या दिवशी बिशपांनी ओरेलच्या तळहातांना तेल लावलं आणि एका पांढऱ्या पट्टीनं ते बांधले. ती पट्टी रिवाजाप्रमाणे आईला मिळते. आईनं ती घडी करून ठेवली, आणि १९५१ मध्ये आई गेली तेव्हा ब्लाँदिननंच ती पट्टी तिच्या हातांभोवती गुंडाळून शवपेटी बंद करू दिली. दीक्षेनंतर नवा फादर पहिला आशीर्वाद घरच्यांना देतो. ब्लाँदिन धाकट्या भावासमोर गुडघ्यावर बसली. त्याचे हात तिच्या डोक्यावर थरथरत होते. तिला वाटलं, हेच ते. देव हातातून येतो तेव्हा हात असेच थरथरत असणार.

१९४१ मध्ये ओरेलला सँ-तिबूर्स हे गाव मिळालं. नदीपासून आत, टेकड्यांवर, दगडगोट्यांची शेती आणि बाकी जंगल. चर्च लाकडी, शेजारी फादरांचं दुमजली घर. ब्लाँदिन दोन पेट्या घेऊन त्या घरात शिरली ती सत्तावीस वर्षं तिथेच राहिली.

ते घर म्हणजे गावाचं पोट होतं. दाराची घंटा वाजली की तीच पुढे जाई. कोणाकडे बाळ आलंय, कोणाची म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय, कोणाचा नवरा पिऊन आलाय, कोणाला लग्नासाठी तारीख हवी आहे. फादरांना काय सांगायचं आणि काय त्यांच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे ती दारातच ठरवी. मिस्सेचे झगे ती धुई, खळ घालून इस्त्री करी. वेदीवरची कापडं पाण्यात भिजवून ते पाणी रिवाजाप्रमाणे जमिनीत ओती. मोरीत नाही. चारचौघांत ती भावाला "फादर, आपण" म्हणे. स्वयंपाकघराचं दार लागलं की "ओरेल, तू सूप का ठेवलंस?" गावातल्या बायका म्हणत, फादरांना देवाची भीती नसेल एवढी बहिणीची आहे. ती हसत असे.

आणि फादर म्हणून ओरेल चांगला होता. हे नंतरही कोणी नाकारलं नाही. कमरेएवढ्या बर्फातून जाळीचे जोडे घालून तो आजाऱ्याकडे जाई. त्याचं प्रवचन लहान असे, आणि त्यात देव कमी, शेजारी जास्त. कुंपण सरकवू नका, विधवेचं लाकूड आधी फोडा, पोरांना मारताना हातात काही घेऊ नका. एव्हा मोर्नोचा एकोणीस वर्षांचा मुलगा नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेताना त्यांच्याखाली बुडाला तेव्हा ओरेल तीन दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसून होता. प्रार्थना म्हणाला का, असं ब्लाँदिननं विचारलं तर एव्हा म्हणाली, नाही, बटाटे सोलले. माझ्याबरोबर बसून बटाटे सोलले. फादर नसते तर मी त्याच पाण्यात गेले असते.

एकदा ब्लाँदिनच्या हाती त्याचं रोजच्या प्रार्थनांचं पुस्तक आलं. काळ्या कातडी वेष्टनाच्या आत दुसरंच पुस्तक होतं, हिमनद्यांचं, नकाशांसकट. व्हरांड्यात फेऱ्या घालत तो इतकी वर्षं ओठ हलवत हे वाचत होता. तिनं त्याला शाळेतल्या पोरासारखं झापलं. तो कान धरून उभा राहिला. तिला हसू आवरेना, आणि तो विषय तिथेच संपला. हुशार माणसाला विरंगुळा लागतोच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

१९६८ चा ऑक्टोबर. नदीकाठच्या कोणी पाठवलेल्या चार लांब वाम मासळ्या स्वयंपाकघरात फळीवर पडल्या होत्या. ब्लाँदिननं एकीचं डोकं खिळ्यानं फळीला ठोकलं होतं आणि ती चिमट्यानं कातडं ओढत होती. ओरेल दारात येऊन उभा राहिला.

"ब्लाँदिन, मी चाललो."

"आजाऱ्याकडे ना? मफलर घे."

"तसं नाही. फादरपण सोडून चाललोय. रोमहून परवानगी आली."

तिनं चिमटा खाली ठेवला. त्या दोन वर्षांत कितीतरी फादर सोडून गेले होते. शेजारच्या गावच्यांनी तर नर्सशी लग्न केलं होतं. तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

"कोण आहे ती?"

"कोणी नाही."

"सांग मला. मी आरडाओरडा करणार नाही. मास्तरीण आहे का कोणी?"

"बाई नाहीये, ब्लाँदिन. असती तर तुला सांगणं सोपं गेलं असतं." तो आत येऊन खुर्चीवर बसला. "माझा देवावर विश्वास नाही."

तिनं हात पुसले आणि आधी तिला जे सुचलं ते म्हणाली. थकला आहेस तू. संतांनासुद्धा असे कोरडे दिवस आले होते. चार आठवडे मठात जाऊन राहा, झोप काढ. तो ऐकत राहिला. मग तिनं सहज, तारीख विचारावी तसं विचारलं, "कधीपासून?"

तो खोटं बोलू शकला असता. दोन वर्षं म्हणाला असता, पाच म्हणाला असता, तरी तिनं मानलं असतं. पण त्यानं त्या दिवसापुरतं खरं बोलायचं ठरवलं होतं.

"कॉलेजच्या सहाव्या वर्षापासून."

सहावं वर्ष. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ब्लाँदिननं मनातल्या मनात उलटी वर्षं मोजली. पुढे सेमिनरीची वर्षं, मग दीक्षा, मग हे घर.

"म्हणजे दीक्षेच्या आधी."

"हो."

"माझ्या डोक्यावर हात ठेवलास तेव्हा."

"हो, ब्लाँदिन."

मग कशाला झालास फादर, असं तिनं विचारलं. तो बराच वेळ बोलला. दुसरं काय होणार होतो, म्हणाला. कॉलेज सोडून गोठ्यात परतायचं, आणि फादर द्यूमेंना तोंड कसं दाखवायचं? त्यानं तेव्हा त्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, करत राहा, करता करता विश्वास येतो, बऱ्याच जणांना तसाच आलाय. त्यानं वाट पाहिली. दहा वर्षं रोज सकाळी वेदीपुढे उभं राहून वाट पाहिली. मग माणसांची सवय झाली आणि वाट पाहणं सुटलं. एव्हाबाईच्या घरी मी बसलो ते खोटं नव्हतं, म्हणाला. आता मात्र त्रेपन्न वर्षांचा झालोय आणि मला मरायच्या आधी काही दिवस तरी स्वतःच्या तोंडानं बोलायचं आहे.

"आईला मरताना शेवटचं तेल तू लावलंस," ब्लाँदिन म्हणाली.

"ते खरंच लागू होतं. चर्चचा नियमच आहे. फादरचा विश्वास लागत नाही, विधी नीट करायचा हेतू लागतो. मी प्रत्येक वेळी नीट केला. एकदाही कसातरी उरकला नाही."

"मी नियम विचारत नाहीये."

ती पाणी प्यायली. फळीवरची डोकं ठोकलेली वाम अजून वळवळत होती. वाम मेल्यावरही बराच वेळ वळवळते. ब्लाँदिन म्हणाली, "एक बरं झालं. आई हे न कळता गेली."

ओरेलनं मान खाली घातली. सत्तावीस वर्षं त्याच्या बरोबर एका छपराखाली काढलेल्या बाईला ती मान पुरेशी होती.

"ओरेल."

त्यानं मान वर केली नाही.

"आईला माहीत होतं?"

"त्या उन्हाळ्यात बेरी तोडायला गेलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा सांगितलं मी. म्हटलं, मला नाही जमणार. ती आधी रडली. मग म्हणाली, विश्वास देणं हे देवाचं काम, मिस्सा म्हणणं हे तुझं. तू तुझं कर."

"आणि?"

"जाऊ दे ना, ब्लाँदिन."

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, ब्लाँदिनला कळता कामा नये. कळलं तर ती विल्ब्रोला हो म्हणेल. आणि तुला एकटं ठेवलं तर तू वर्षभरात पळून जाशील. ती जवळ असली तर तिच्या लाजेनं तरी राहशील."

ब्लाँदिननं चिमटा उचलला आणि वाम सोलली. मग दुसरी ठोकली, तीही सोलली. चारही झाल्या. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की आपल्याला देवाच्या कामासाठी मागून घेतलं. आणि तिला ठेवलं होतं राखणीला. कुंपणाला कळत नाही ते काय राखतंय, तसं.

"तुला विल्ब्रोचं माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "तू माझ्या लग्नाच्या आड उभा राहिलास, आणि रोज माझ्या हातचं जेवलास."

"हो."

"जेवताना कधी वाटलं नाही?"

"रोज वाटलं. पण तू खूश दिसायचीस."

त्या शेवटच्या वाक्यानं जेवढं केलं तेवढं आधीच्या सगळ्यानं केलं नव्हतं. ती खूश होतीच. तेच तर त्यांनी तिला दिलं होतं, त्या दोघांनी मिळून.

आठ दिवसांनी ओरेल बसनं माँट्रियालला गेला. तूही चल, दोन खोल्या घेऊ, असं तो म्हणाला. ब्लाँदिननं विचारलं, "तिथे कोणाचं घर सांभाळू? तुझंच?" नवे फादर येणार होते आणि त्यांच्याकडे स्वयंपाकाला माणूस होतं. सत्तावन्नाव्या वर्षी ब्लाँदिन त्याच दोन पेट्या घेऊन त्या घरातून बाहेर पडली. एव्हा मोर्नोनं तिला वरच्या मजल्यावरची खोली दिली. ती शाळेच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि बीन्स शिजवायला लागली.

खोलीत सामान लावून होतंय तोच एव्हा वर आली. पलंगाच्या कडेवर टेकली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "ब्लाँदिन, एवढंच सांग. बाई आहे ना?"

ब्लाँदिननं तिच्याकडे पाहिलं. या बाईच्या मुलाला ओरेलनं मूठमाती दिली होती. तो देवाजवळ आहे, असं त्यानं तिला शंभर वेळा सांगितलं होतं. गावातली निम्मी माणसं त्याच्या हातून बाप्तिस्मा घेऊन मोठी झाली होती. सगळ्यांची लग्नं, सगळ्यांचे मेलेले.

"हो," ती म्हणाली. "बाई आहे."

एव्हाला हायसं वाटलं. "बरं. बाईचं समजतं माणसाला," ती म्हणाली आणि खाली गेली. दोन दिवसांत गावात त्या बाईला नाव, वय आणि लाल केसही मिळाले. ब्लाँदिननं कोणाला दुरुस्त केलं नाही. पण त्या दिवशी ती खिडकीशी बसून राहिली ती स्वतःवर चिडून. आईनं जे केलं आणि ओरेलनं जे केलं, ते आपणही एका शब्दात करून मोकळे झालो. आणि पुन्हा त्याच्याचसाठी. अजूनही ती त्याच्या दारातच उभी होती, काय आत जाऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवत.

ती मिस्सेला जात राहिली. तिचा देव कुठे गेला नव्हता. बिघडलं होतं ते दुसरंच. नवे फादर भाकरी वर उचलत तेव्हा सगळ्यांच्या माना खाली जात. हिची जात नसे. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. हा मानतो का? की यालाही कोणी सांगितलंय, करता करता येईल? पापांच्या कबुलीच्या रांगेत ती उभी राही, आणि पुढे दोनच माणसं उरली की काहीतरी विसरल्यासारखं करून बाहेर पडे. सहा वर्षं तिनं कबुली दिली नाही.

ओरेल दर महिन्याला पत्र लिही. पहिली तीन तिनं वाचली. कॉलेजात भूगोल शिकवतो, खोलीतून नदी दिसते, गुडघा दुखतो. पुढची तिनं उघडली नाहीत. त्याच्यावर रागावणं तसं सोपं होतं. तो जिवंत होता आणि त्याला कळत होतं की ती रागावलेली आहे. आईचं काय करायचं, हे तिला उमगेना. आईच्या थडग्यावर ती दरवर्षी मे महिन्यात फुलं लावत असे. ती तिनं बंद केली. मग एका वर्षी गेली, फक्त उभी राहिली, आणि रोपं तशीच परत घेऊन आली.

विल्ब्रो तिला एकदाच भेटला, १९७२ मध्ये, रिव्हिएर-द्यू-लूच्या बसस्टँडवर. म्हातारा झाला होता, पण खांदे तेच. सोबत नातवंडं. लेओंतिन बरी आहे, म्हणाला. बस यायला दहा मिनिटं होती. चौतीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

"विल्ब्रो, तू बरोबर होतास," ती म्हणाली. "आईनंच मागितलं होतं."

"काय मागितलं होतं?"

"तू विचारलं होतंस. कारखान्यात. हे देवानं मागितलं की आईनं."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, हे तिला दिसलं. मग खांदे उडवून ओशाळं हसला. "मी असलं काही विचारलं होतं? तेव्हा मी लई शहाणा होतो वाटतं." मग त्यानं चीजचा कारखाना बंद पडल्याचं सांगितलं, आणि मोठ्या कंपन्यांना शिव्या दिल्या, आणि बस आली.

१९८१ च्या मार्चमध्ये माँट्रियालहून फोन आला. ओरेल झोपेतच गेला होता. एक कागद लिहून ठेवला होता. त्यात होतं, चर्च नको, फादर नको, दहन करा.

सँ-तिबूर्सचे त्या वेळचे फादर भला माणूस. ते स्वतः कँटीनमध्ये आले. म्हणाले, कागदाचं एवढं मनावर घेऊ नका. तुम्ही सख्ख्या बहीण, तुम्ही म्हणाल तर त्यांना इथे आणू. मिस्सा म्हणू, आईशेजारी ठेवू. गावाचीही तीच इच्छा आहे. इतक्या लोकांना त्यांनी पोहोचवलं, त्यांना आपण पोहोचवायला नको?

ब्लाँदिनचा विश्वास होता. म्हणजे तिच्या हिशेबानं ओरेल आत्ता कुठे असेल, हा साधा प्रश्न नव्हता. एक होकार दिला असता तर त्याच्यावर पवित्र पाणी पडलं असतं, आणि तिला वेदीपुढे बसून रडता आलं असतं. ती सूप ढवळत राहिली.

"नको, फादर," ती म्हणाली. "त्याचं खोटं खूप झालं. आता त्याला तेच द्या जे त्यानं मागितलंय."

गावानं तिला ते माफ केलं नाही. एव्हा म्हणाली, तू एवढी कडवट असशील असं वाटलं नव्हतं गं. एका बाईपायी सख्ख्या भावाला नरकात सोडतेस? ब्लाँदिननं ऐकून घेतलं. ती बाई तिनंच जन्माला घातली होती.

ती एकटीच बसनं माँट्रियालला गेली. कॉलेजच्या एका साध्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे टेबलावर फोटो. तीसेक माणसं होती. फोटोतला ओरेल स्वेटर घालून हसत होता. तो तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्याकडे जो होता त्याच्या गळ्याला फादरांची पांढरी पट्टी होती, आणि तो असं दात दाखवून हसत नसे.

लोक उठून बोलले. हिमनद्यांबद्दल बोलले, सहलींबद्दल बोलले. चाळिशीची एक बाई उठली. ती कापडगिरणीत काम करून संध्याकाळच्या वर्गाला येत असे. ती म्हणाली, "सर कधी खोटं बोलले नाहीत. माहीत नसलं की म्हणायचे, मला माहीत नाही. मला आयुष्यात असं बोलणारा दुसरा माणूस भेटला नाही. माझ्या बापानंही मला इतकं खरं कधी सांगितलं नाही." ती बोलता बोलता रडायला लागली आणि खाली बसली.

ब्लाँदिन मागच्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसली होती. परक्या बाईला त्यानं बारा वर्षं खरं दिलं, हातचं न राखता, फुकट. जिनं त्याला अक्षरं शिकवली तिच्या वाट्याला ते एका दुपारी आलं, तेही सगळं संपल्यावर.

कार्यक्रम संपला. कॉफी होती, सँडविच होते. तीच बाई कप घेऊन तिच्याजवळ आली. डोळे अजून लाल होते. म्हणाली, आपण त्यांच्या ओळखीच्या? सर घरच्यांबद्दल कधी बोलत नसत. कोणी होतं का त्यांचं?

ब्लाँदिननं कप घेतला. कॉफी पातळ होती, तरी प्याली.

"मी सत्तावीस वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाक करत होते," ती म्हणाली.

"हो? मग तुम्ही त्यांना चांगलं ओळखत असाल."

"त्यांना सूप खारट चालायचं नाही," ब्लाँदिन म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून कप टेबलावर ठेवून कोट घालायला लागली.